आत्याबाईंचा पहिला घास

मी खादाड होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे त्याचा कोणाला अचंबा वाटायला नको. उमरेडला माहेरी आम्ही सहा भावंडं. ताटात पडेल ते झटपट उचलायचं, नाहीतर शेजारचा उचलतो, एवढंच आमचं बालपणीचं शिक्षण. लग्न होऊन नागपूरला निघाले तेव्हा आईने कानात सांगितलं होतं की सासरी हावरटासारखी जेवू नकोस. तिची ही शिकवण मी गाडीतून उतरेपर्यंत अगदी निष्ठेने पाळली.

नागपूर तेव्हा अजून राजधानी होतं. पण राजधानी सिव्हिल लाइन्सकडे. आमच्या गोळीबार चौकामागच्या बोळात तिचा काही पत्ता नव्हता. आमच्या बोळात होते माग. घरटी एक, कुठे दोन. पहाटेपासून खटखट सुरू व्हायची ती दिवेलागणीला थांबायची. नवीन नवीन मला त्या आवाजाने झोप लागत नसे, पुढे माहेरी गेले की तो आवाज नाही म्हणून झोप लागेना. आमचा माग पुढच्या खोलीत होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून हे बसायचे आणि नऊवारी लुगडी विणायचे. लाल-काळ्या किनारीत यांचा हात धरणारं बोळात दुसरं कोणी नव्हतं. हे मी बायको म्हणून सांगत नाही, इतवारीचे दुकानदारसुद्धा तसं म्हणत. धाकटे भाऊजी मिलमध्ये जात. त्यांचं लग्न व्हायचं होतं. आणि घराची मालकीण म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

आत्याबाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आणि बोलण्यात तिखट. कपाळ मोकळं, कारण मामाजी, म्हणजे माझे सासरे, फार आधी वारलेले. मागच्या खोलीच्या दारात चरखा घेऊन बसायच्या आणि धोट्यात घालायच्या कांड्या भरायच्या. सूत कांडीवर चढत राही आणि तोंड चालत राही. बोळातून जाणारा एकही माणूस त्यांच्या शेऱ्याशिवाय पुढे गेला नाही.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या वेळी मी चक्रावले. माहेरी आधी पुरुष, मग पोरं, मग उरलंसुरलं बायकांना. इथे पहिलं ताट आत्याबाईंपुढे ठेवलं गेलं. हे आणि भाऊजी आपापल्या ताटांना हात न लावता बसून राहिले. दोघांचे डोळे आईच्या हाताकडे. आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, तोंडाजवळ नेला, आणि नेमकं तेव्हाच त्यांना शेजारच्या घरच्या बकरीची काही गोष्ट आठवली. घास हातात, गोष्ट तोंडात. ती बकरी कोणाचं सूत खाऊन गेली, मग काय भांडण झालं, सगळं सांगून झालं तेव्हा कुठे घास आत गेला. तो गेल्याबरोबर दोघं भाऊ तुटून पडले. मी दाराआड उभी होते आणि माझ्या पोटात कावळे कोकलत होते. मला ती बाई त्या क्षणी मुळीच आवडली नाही.

पुढे कळलं की ही रोजचीच रीत. आत्याबाईंनी पहिला घास खाल्ल्याशिवाय या घरात कोणी अन्नाला शिवत नसे. आणि आत्याबाईंना आपल्या या सत्तेची गंमत वाटे. भाऊजी मिलमधून भुकेजून आले की मुद्दाम घास हातात धरून मिलच्या चौकशा करत. भाऊजी रडकुंडीला येत आणि या हसत.

मी काय करायचे तर चोरून खायचे. स्वयंपाक करता करता झुणक्याची चव पाहायची म्हणून तीन बोटं झुणका, भाकर नीट भाजली की नाही पाहायचं म्हणून अर्धी भाकर. एकदा ताक पिऊन घाईघाईने ताटं मांडायला आले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या ओठावरून बोट फिरवून दाखवलं. मला काही उमगलं नाही. तेव्हा त्या सर्वांदेखत म्हणाल्या की सुनेला मिशा आल्या आहेत. मी पदराने तोंड पुसलं आणि जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण त्या दिवसापासून त्यांनी एक केलं. मला आपल्या शेजारी पाट मांडायला लावला. भुकेल्या बाईच्या हातचं वाढून घेतलं की अन्न अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. बोळातल्या बायकांनी नावं ठेवली. आत्याबाईंनी त्यांना ज्या शब्दांत उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मग दुपारी त्यांच्या शेजारी बसून कांड्या भरताना मला त्या रीतीची गोष्ट कळली. ती त्यांनीच सांगितली, तीही हसत हसत.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत सूत मिळेना. माग आठ-आठ दिवस बंद. मामाजी त्याआधीच गेलेले. घरात दोन मुलगे, मोठा चौदाचा. जे काही शिजे ते आत्याबाई मुलांना वाढत आणि म्हणत, मला भूक नाही. कधी म्हणत, मी मघाशीच जेवले. मुलांना ते खरं वाटे. पोरं जेवून झोपत. एके दिवशी पहाटे मोठा उठला. आदल्या दिवशी थोडं सूत मिळालं होतं आणि त्याला लावायला तांदळाची खळ शिजवून ठेवली होती. ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, कडक व्हावा म्हणून विणकर सुताला ही खळ पाजतात. पाहतो तर आई चुलीपाशी बसून त्या खळीच्या गाडग्यातून वाडग्याने पीत होती. सुताच्या वाटची खळ. त्याने विचारलं तेव्हाही आत्याबाईंनी काहीतरी थाप मारली, घसा बसला म्हणून पिते. पण पोरगं तेवढं भोळं राहिलं नव्हतं. तो रडला, मग रागावला, आणि त्याने सांगून टाकलं की आजपासून माय माझ्या डोळ्यांसमोर जेवेल तेव्हाच मी घास घेईन. धाकट्यालाही त्याने तेच करायला लावलं. सुताचे दिवस पुन्हा आले, घरात दोन वेळ चूल पेटू लागली, पण ती रीत मात्र मोडली नाही.

मी विचारलं की तुम्हाला राग नाही का आला, पोरगा असा हुकूम सोडतो म्हणून. त्या म्हणाल्या की राग कसला, आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या पोटाची काळजी केली. त्यानंतर मी कधी त्यांच्या हातातल्या घासावर मनातल्या मनात चडफडले नाही. निदान फारशी नाही.

लग्नानंतरची ती पहिली चार वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती. आजही सकाळी लवकर जाग आली की मला तो बोळ दिसतो. पांजणीच्या, म्हणजे ताण्याला खळ लावायच्या दिवशी उजाडायच्या आत बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा ताणलेला असायचा, बांबूच्या कैच्यांवर, म्हणजे फुलीसारख्या टेकूंवर. खळ लावायची, कुंचे फिरवायचे, ऊन चढायच्या आत सगळं सुकवायचं. एका घराचा ताणा असला तरी अख्खा बोळ हाताला यायचा. आत्याबाई कुंचा घेऊन पुढे, मी मागे. त्यांच्या हाताचा वेग मला कधी जमला नाही. ओल्या सुताचा आणि आंबूस खळीचा वास, सायकलवाल्याला वाकून ताण्याखालून जावं लागे म्हणून त्याची चिडचिड, आणि काम संपलं की सगळ्यांना आमच्याकडून चहा आणि मुरमुऱ्यांचा चिवडा. तो चिवडा मी करायचे आणि अर्थात आधी मीच खायचे.

दुखण्याची सुरुवात मलाच दिसली. दिवाळीच्या पहाटे आत्याबाईंना न्हाऊ घालताना पाठ चोळली, बगलेखाली हात गेला, आणि बोटांना सुपारीएवढी गाठ लागली. छातीच्या कडेला. मी हात थांबवला. त्या म्हणाल्या, चरख्याने हात भरून येतो, त्याची गाठ आहे. किती दिवस आहे विचारलं तर मागच्या होळीपासून. चोळी घट्ट बांधून त्यांनी ती सात-आठ महिने लपवली होती. लपवण्यात त्या तरबेजच होत्या म्हणा.

मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे छाती कापून काढली. डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन कॅन्सर हा शब्द सांगितला. हे घरी आले, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले आणि संध्याकाळपर्यंत एक वीतसुद्धा विणलं नाही. आत्याबाई मात्र पंधरा दिवसांनी उठून बसल्या. उजवा हात सुजायचा, म्हणून डाव्या हाताने चरखा फिरवायला शिकल्या. डाव्या हाताच्या कांड्या सैल होत, धोट्यातून सूत घसरे, हे गुपचूप त्या कांड्या सोडून पुन्हा भरत. आईला कधी बोलले नाहीत.

दोन वर्षं अशी गेली. आम्हाला वाटलं, टळलं.

मग उन्हाळ्याच्या तोंडी पोटाचं सुरू झालं. आधी नुसतं फुगल्यासारखं. चार घासांत पोट भरे. मग कळा. कळ आली की पोटावरून लाट वर चढलेली डोळ्यांना दिसे, पोट दगडासारखं होई, आणि मग गुरगुर आवाज करून ती लाट खाली बसे. शौचाला होईना. वारासुद्धा सरेना. बोळातल्या म्हाताऱ्या जमल्या, बेंबी सरकली म्हणाल्या, एकीने तेल लावून पोट चोळलं, दुसरीने एरंडेल पाजायला सांगितलं. पाजलं. मीच पाजलं. त्या एरंडेलाने त्यांचे जे हाल झाले ते मी आजही विसरले नाही, आणि त्याबद्दल स्वतःला माफही केलेलं नाही. तिसऱ्या दिवशी ओकारी झाली, तिला शौचाचा वास होता. यांनी रिक्षा आणली.

दवाखान्यात नाकातून नळी घातली, हाताला सलाईन लावलं. दोन दिवसांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. डॉक्टर वयस्कर होते, शांतपणे बोलणारे. त्यांनी आम्हा दोघांनाही समोर बसवून सांगितलं. छातीतला रोग पोटात उतरलाय. आतड्यांवर जागोजागी गाठी बसल्यात, बाहेरून आवळल्यात. एक जागा असती तर कापून जोडली असती, इथे दहा जागा आहेत. अन्न पुढे सरकायला वाट नाही. घरी न्या. पाण्याचे घोट द्या, तोंड ओलं ठेवा. कळा थांबवायचं इंजेक्शन द्यायला कंपाउंडर येईल. पण जेवण देऊ नका. दिलं तर वरच्या वर साचेल, दुखेल आणि उलटून येईल. त्यांना भूक लागणार नाही, काळजी करू नका.

मी हे सगळं ऐकलं. यांनीही ऐकलं. पण दोघांनी वेगवेगळं ऐकलं, हे मला घरी आल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी दुपारी ताटं मांडली. आत्याबाई भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. हे म्हणाले की माय, थोडं खा. आत्याबाई म्हणाल्या, भूक नाही बाबा.

त्या घरात हे वाक्य म्हणजे खोटं. दहा-बारा वर्षं ते खोटं म्हणूनच ऐकलं गेलं होतं. यांचा चेहरा मी पाहिला. डॉक्टर, नळी, टाके, सगळं पुसलं जाऊन तिथे तो चौदा वर्षांचा पोरगा उभा होता. यांनी ताट पुढे सरकवलं आणि हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. भाऊजी मिलमधून आलेले, तेही बसून राहिले. मी डॉक्टरांचं बोलणं काढलं, तर हे म्हणाले की डॉक्टरला आमच्या मायचं काय ठाऊक. वरण थंड झालं, त्यावर साय धरली.

शेवटी आत्याबाईंनीच हात पुढे केला. मी ज्वारीच्या कण्या पातळ शिजवून आणल्या. त्यांनी दोन चमचे घेतले, गिळले, आणि हसून म्हणाल्या, झालं, जेवा आता. दोघं जेवले. मीही जेवले. त्याबद्दल लाज वाटते, पण जेवले.

दोघं कामाला लागल्यावर आत्याबाईंनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं. मग मी घमेलं धरलं. आधी कळा आल्या, तासभर. त्या पदराचा बोळा तोंडात धरून बसल्या होत्या, म्हणजे आवाज पुढच्या खोलीत जाणार नाही. पुढच्या खोलीत माग चालू होता, त्यामुळे तसाही गेला नसता. मग सगळं उलटून पडलं, हिरवं-काळं, आणि दोन चमच्यांपेक्षा कितीतरी जास्त. मी तोंड पुसलं, राख टाकून घमेलं मागच्या दाराने नेऊन घासून आणलं. त्या म्हणाल्या, त्याला सांगू नको. मी बरं म्हटलं.

ही माझी चूक. मला वाटलं, सासू सांगते ते ऐकावं, घरात शांतता राहील. आठवडाभर मी ते घमेलं घासलं आणि आठवडाभर गप्प बसले. हे दिवसेंदिवस खुलत चालले होते. बोळात कोणी विचारलं की सांगत, माय दोन वेळ कण्या घेते, ताकद येईल. एकदा तर इतवारीतून चांगल्यापैकी तूप आणलं आणि मला कण्यांवर सोडायला लावलं. संध्याकाळी खुशीत नव्या किनारीचं लुगडं मागावर लावायला घेतलं, मायला बरं वाटलं की नेसवीन म्हणून. मी भाकरी जरुरीपेक्षा जोरात थापत होते. रागाने, यांच्यावरच्या, आत्याबाईंवरच्या आणि माझ्यावरच्या.

आठव्या दिवशी सकाळी मी आत्याबाईंचं अंग ओल्या फडक्याने पुसत होते. हातपाय काड्या झालेले आणि पोट तेवढं टमटमीत. मी म्हटलं, आज तुम्ही त्यांना सांगाच. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. हाताला जोर नव्हता.

"त्याले पटत नाही वं," त्या म्हणाल्या. "तवा मी खोटं बोलली. आता खरं सांगून राहिली, तं कोणी आयकत नाही. घास नाही उतरत मले. पण मी नाही खाल्लं तं तो उपाशी राहते."

मग म्हणाल्या, "माह्यानं मोठी चूक झाली. पोट्ट्यायले लबाड बोलाव नाही."

मला रडू आलं ते मी आवरलं नाही. ज्या बाईने सुताच्या वाटची खळ पिऊन दोन पोरं जगवली, तिला त्या खोट्याची शिक्षा घासाघासाने भोगावी लागत होती, आणि शिक्षा देणारा तिच्यावर जीव टाकणारा तिचाच मुलगा होता. मी फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि चूल पेटवली. काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. स्वयंपाक तेवढा केला. वांग्याची भाजी, तुरीचं वरण, भाकरी, भात. रोजच्यापेक्षा जास्त केला, कसा कोण जाणे.

दुपारी ताटं मांडली. यांनी कण्यांची वाटी स्वतः घेतली आणि आईपाशी बसले. चमचा तोंडाजवळ नेला. आत्याबाईंनी तोंड उघडलं. मी समोर भात वाढत होते. त्यांचं ते आज्ञाधारक उघडलेलं तोंड मला दिसलं, आणि त्यांचे डोळे. दिवसभर अख्ख्या बोळाला नाचवणारी ती बाई, तिचे डोळे घाबरलेले होते. चमच्याला घाबरलेले.

मी भाताचं भांडं खाली ठेवलं. माझं ताट ओढलं, भाकरी मोडली, भाजीत बुडवली आणि तोंडात घातली. सगळ्यांच्या आधी. सुनेने, दिरासमोर, नवऱ्यासमोर, सासूच्या तोंडात घास जाण्याच्या आधी.

यांचा हात थांबला. भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले.

"मायनं खाल्लं नाही अजून," हे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

"नाही खाल्लं," मी म्हटलं. तोंडात घास होता. "अन् खाणार नाहीत. त्यायले भूक नाही."

हे काही बोलणार तोच मी सगळं सांगून टाकलं. दार लोटणं, पदराचा बोळा, घमेलं, राख, सात दिवस. एकीकडे बोलत होते आणि एकीकडे खात होते, कारण थांबले असते तर पुन्हा हात उचलण्याची हिंमत झाली नसती. जन्मात पहिल्यांदा मला भूक नव्हती. घास तोंडात फिरत होता, पुढे जाईना. खादाड म्हणून सगळे मला हसले, मी स्वतःही हसले, आणि ज्या दिवशी खरी गरज पडली त्या दिवशी माझं पोट मला साथ देईना. तरी मी एक भाकरी संपवली. दुसरी घेतली.

"तुले लाज नाही वाटत?" यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. वाटत होती, पण नाही म्हटलं.

आत्याबाईंनी तोंड मिटलं होतं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. बराच वेळ पाहत होत्या, मी भाजी कशी उचलते, कशी चावते. त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं त्याला मी समाधानच म्हणेन. मग त्यांनी मुलाच्या हातातली वाटी बोटाने बाजूला सारली.

"वाढ तिले," त्या यांना म्हणाल्या. "भाजी संपली तिची."

यांना कळेना. नवऱ्याने बायकोला वाढायचं, असं आमच्या बोळात कोणी पाहिलेलं नव्हतं. आत्याबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. हे उठले, भाजीचं पातेलं घेतलं आणि माझ्या ताटात वाढलं. वाढायची सवय नसल्याने रस्सा पाटावर सांडला. भाऊजींनी मान खाली घातली आणि जेवायला सुरुवात केली. हे जेवले नाहीत. पातेलं ठेवून मागाच्या खड्ड्यात जाऊन बसले, आणि त्या दिवशी पुढच्या खोलीतून मागाचा आवाज आला नाही. दार मात्र त्या दुपारी कोणी लोटलं नाही, कारण लोटायची गरज पडली नाही. आत्याबाई दोन तास शांत झोपल्या.

त्यानंतर त्या अकरा दिवस होत्या. कळा पुरत्या थांबल्या नाहीत. कंपाउंडर येई, इंजेक्शन देई. मी ओल्या फडक्याने ओठ भिजवी, मोसंबीची फोड चोखायला देई आणि चोथा काढून घेई. त्यात त्यांना गोडी वाटे. शेवटच्या दिवसांत त्यांनी कोणाकोणाला काय काय शिव्या दिल्या ते आठवून आम्ही पुढे कितीतरी वर्षं हसलो. पण मला सांगायचं आहे ते, मी आधी जेवले त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताटं मांडली. चार मांडली, सवयीने, मग एक उचलायला गेले तर आत्याबाईंनी मानेने नको म्हटलं. ते रिकामं ताट त्यांच्यापुढे राहिलं. हे मागावरून उठून आले. हात धुतले, आईपाशी बसले. मी कण्या केल्या नव्हत्या. यांनी चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर वळवली नाही.

यांनी आईला विचारलं, "माय, काही खाशीन?"

आत्याबाई म्हणाल्या, "भूक नाही, बाप्पा."

हे तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. फार वेळ नाही. मी हातातली पळी घट्ट धरली होती.

"बरं," हे म्हणाले.

मग आपलं ताट ओढून आईच्या समोर, तिला नीट दिसेल असे बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसलं नाही. चावत राहिले. आत्याबाई एक एक घास पाहत होत्या. यांनी तिसऱ्यांदा भाकरी मागितली तेव्हा त्यांना झोप लागली होती.